एमरिस प्यूच्या नावावर

इंटरनेट एमरिस प्यूच्या नावावर आहे.
एमरिस प्यू इथे राहत नाही.
आमच्या आधीच्या मुलांच्या वेळीही राहत नव्हता.
बिल त्याचं येतं, आम्ही पाचजण वाटून भरतो,
आणि कंपनी बोलते ती फक्त त्याच्याशी.

म्हणून ज्याचं काम अडलंय त्यानं एमरिस व्हायचं.

जिन्याची पाचवी पायरी, एवढीच काय ती जागा
जिथे राउटरचं नि आपलं जमतं.
तेही वारा नसेल तेव्हा.
आणि अ‍ॅबरिस्टविथमध्ये वारा नसणं म्हणजे,
जाऊ दे.
समुद्राकडून सुटला की खांबावरची तार
वाळत टाकलेल्या टॉवेलसारखी भिंतीवर आपटते,
हिरवा दिवा नारिंगी होतो, मग लाल,
आणि माळ्यावरून ऑसियन ओरडतो, "गेलं!"
घरात माणूस गेल्यासारखा.

घरमालक हंफ्रीज म्हणतात, भिंती जाड आहेत.
हे ते अभिमानानं म्हणतात.
कुणा जहाजाच्या कप्तानानं बांधलेल्या,
तोफ लागली तरी ढिम्म हलायच्या नाहीत.
तोफ कोण डागतंय, मिस्टर हंफ्रीज?
मला निबंध पाठवायचाय.

नोव्हेंबरातली ती रात्र माझी होती.
बारापर्यंतची मुदत. दहा चाळीस. दिवा लाल.
पाऊण तास कानात तीच पियानोची धून,
मग कुठल्याशा गावाहून एक दमलेला आवाज:
खातेदार स्वतः बोलतायत का?
हो.
जन्मतारीख?
तीन मार्च. भावाची विचारली असती तर अडखळले असते.
आईचं माहेरचं आडनाव?
बेव्हन.
पहिला पाळीव प्राणी?
कासव. नाव डायनामाइट.

पलीकडे जरा शांतता.
"मिस्टर प्यू, आवाज वेगळा येतोय तुमचा."
सर्दी झालीय, मी म्हणाले,
म्हणालो.

तो हसला असावा. लाइन खडखडली, नीट कळलं नाही.
उद्या माणूस येईल, म्हणाला, आठ ते सहाच्या दरम्यान.
निबंध मी कोट चढवून, बंदरालगतच्या
चिप्सच्या दुकानात उभं राहून पाठवला,
व्हिनेगरच्या वासात, बारा वाजून चार मिनिटांनी.
पाच गुण कापले.

आणि माणूस आला. म्हणजे चिठ्ठी टाकून गेला,
"आपण घरी नव्हतात."
आम्ही पाचहीजण घरी होतो.
जाड भिंती.

तो कोण, कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.
लोरीच्या मते स्वान्सीत बँकेत आहे,
गेथिन म्हणतो नापास होऊन मेंढ्या सांभाळतोय.
न बघितलेल्या मूळपुरुषासारखा तो या घराला,
फोटो नाही, खोली कुठली तेही माहीत नाही,
तरी त्याच्या सात वर्षांच्या बोटाला धरून
कोबीच्या पानाकडे मान काढणारं कासव
मला अगदी स्पष्ट दिसतं.
तीन मार्चला काडीनं पाकिटातला केक केला,
नेट बंदच होतं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.
कासव असेल अजून. कासवं टिकतात.

मेमध्ये पुढच्या वर्षीची मुलं घर बघायला आली.
एकीची आई नळ सोडून बघत होती, गरम पाणी येतं का.
येत नव्हतं.
मी त्या मुलीला पाचव्या पायरीवर बसवलं,
खिडकीला कुठला चमचा लावायचा ते सांगितलं,
मग हळूच म्हटलं, फोन ठेव,
लिहून घेऊ नकोस, पाठ कर:
तीन मार्च. बेव्हन. डायनामाइट.

ती माझ्याकडे बघत राहिली.

आणि बोलण्याआधी घसा खाकर, म्हटलं.
बाकी एमरिस बघतो.